डाव दिसला पाहिजे

खेळणाऱ्या मुलांचे छायाचित्र मिळणे सोपे असते. मुलांच्या खेळाचे छायाचित्र मिळणे अवघड. पहिल्यासाठी एखादा हसरा चेहरा, त्यावर तिरपे पडलेले संध्याकाळचे ऊन आणि मागे जुन्या वाड्याचे लाकडी दार एवढे पुरते, आणि पुण्याच्या पेठांत या तिन्ही गोष्टींची वानवा नाही. दुसऱ्यासाठी मात्र पाहणाऱ्याला डाव कळावा लागतो. राज्य कुणावर आहे, कोण बाद होऊन कडेला बसला आहे, कोण कुणाच्या बाजूचा आहे, लहानग्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेतले आहे की तेही खरे भिडू आहे, आणि आता पुढच्या क्षणी काय होणार आहे, हे सारे एका चौकटीत दिसले तर ते खेळाचे छायाचित्र. कसबा, सोमवार, गंज, नाना आणि भवानी पेठांच्या गल्ल्यांत मी अनेक वर्षे कॅमेरा घेऊन हिंडते आहे, आणि माझा सगळा शोध या दुसऱ्या प्रकारच्या चित्रासाठी आहे.

डबा ऐसपैसचेच पाहा. तांबट आळीच्या आसपासच्या बोळांत हा खेळ अजून टिकून आहे. पत्र्याचा डबा आता सहजी मिळत नाही, म्हणून रंगाचा रिकामा डबा किंवा वाळू भरून जड केलेली पाण्याची बाटलीही चालते. आधी हात उलटेसुलटे टाकून चकायचे, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. मग कुणीतरी डबा लांब भिरकावतो, राज्य असलेला तो उलट्या पावलांनी आणून खडूच्या वर्तुळात ठेवतो आणि तेवढ्या वेळात बाकीचे लपतात. तो शोधायला निघाला की त्याची खरी पंचाईत सुरू होते, कारण शोधायचे तर डब्यापासून दूर जायला हवे, आणि दूर गेले तर कुणीतरी मागून येऊन डबा उडवील, पकडलेले सगळे सुटतील आणि राज्य पुन्हा त्याच्याच गळ्यात पडेल. या खेळाचा सगळा जीव डबा आणि राज्य असलेला मुलगा यांच्यामधल्या त्या अंतरात असतो. आळीतून तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्या मठाराचे ठोके ऐकू येत असतात, त्या आवाजात धावत्या पावलांचा आवाज बुडतो, आणि हे लपलेल्या मुलांना पक्के ठाऊक असते.

अशा वेळी कॅमेरा घेऊन उभे राहणाऱ्यावर एक जबाबदारी येते, जिचा उल्लेख छायाचित्रणाच्या वर्गांत मी कधी ऐकला नाही. स्कूटरच्या आड दबा धरून बसलेल्या मुलाकडे भिंग वळवले की त्याचा ठावठिकाणा फुटतो. राज्य असलेला मुलगा हुशार असतो. तो माझी नजर वाचतो. म्हणून मी डब्याकडेच तोंड करून उभी राहते आणि लपलेला भिडू स्वतःहून चौकटीत शिरेपर्यंत थांबते. चित्रही असेच चांगले येते, कारण पळत आलेला भिडू, डबा आणि दूरवर नुकताच मागे वळलेला राज्यवाला या तिघांमधली रेघ एकदम उमटते.

याच खेळात आणखी एक युक्ती आहे, तिच्यामुळे माझे फोटोंकडे पाहणेच बदलले. लपलेली मुले आपसांत शर्ट बदलतात. कोपऱ्यावरून नुसती बाही दिसली आणि राज्यवाल्याने त्या शर्टाच्या मालकाचे नाव पुकारले, की तो फसतो. नाव चुकले म्हणून राज्य त्याच्यावरच राहते. माझ्याकडे अशा डावातले एक छायाचित्र आहे. सात-आठ वर्षांचा एक मुलगा दोन मोटारसायकलींच्या मधे उकिडवा बसला आहे, अंगातल्या चौकड्यांच्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या खाली लोंबत आहेत, वरचे बटण भलत्याच काजात गेले आहे आणि तो ओठ दाबून हसू आवरतो आहे. एका छोट्या प्रदर्शनात हे चित्र लावले तेव्हा पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यात गरिबी दिसली. थोरल्या भावाचा उतरवलेला शर्ट घालणारे पोर, तरीही किती आनंदी, असे लोक हळहळत म्हणत होते. तो शर्ट त्याने मिनिटभरापूर्वी गल्लीतल्या सर्वांत उंच मुलाकडून मागून घेतला होता, आणि तो उंच मुलगा याचा आखूड टी-शर्ट पोटावर ओढत जिन्याखाली बसला होता. चित्रातले हसू डाव साधल्याचे होते. खेळ ठाऊक नसला की पाहणारा आपल्या मनातली गोष्ट त्या मुलाच्या अंगावर चढवतो, आणि वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत ती गोष्ट जवळजवळ नेहमी दयेची असते. मला हे सहन होत नाही. ती मुले त्या क्षणी दया घेण्याच्या अवस्थेत नसतात. ती जिंकण्याच्या बेतात असतात.

छायाचित्रणाच्या इतिहासातही हे घडले आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३३ साली स्पेनमधल्या सेव्हिल शहरात पडक्या भिंतीच्या भगदाडातून खेळणाऱ्या मुलांचे छायाचित्र घेतले. मागे ढासळलेल्या भिंती, विटामातीचा खच, आणि पुढे कुबड्या घेतलेला एक मुलगा. हे चित्र पाहिले की यादवी युद्धाची आठवण होते; पण स्पेनचे यादवी युद्ध १९३६ साली सुरू झाले. युद्ध त्या चौकटीत नव्हतेच, मुलांची झोंबाझोंबी होती. त्यातला कुबड्यांचा मुलगा खेळात आहे की खेळाबाहेर, त्याच्या मागचे हसणारे चेहरे त्याच्याबरोबर हसत आहेत की त्याला हसत आहेत, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

या कामात मला सर्वांत जवळची वाटते ती न्यूयॉर्कची हेलन लेव्हिट. तिचा जन्म १९१३चा, ब्रुकलिनमधला. १९३७ साली ती काही काळ मुलांना चित्रकला शिकवत होती, तेव्हा रस्त्यावर आणि भिंतींवर मुलांनी खडूने काढलेल्या चित्रांकडे तिचे लक्ष गेले, आणि मग ती चित्रे काढणाऱ्या मुलांकडे. लायका कॅमेऱ्याला काटकोनातले व्ह्यूफाइंडर लावून ती एकीकडे तोंड करून दुसरीकडचे छायाचित्र घेत असे. १९४३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेही मुलांच्याच छायाचित्रांचे. घराच्या पायऱ्यांवर मुखवटे चढवून बाहेर निघालेल्या तीन मुलांचे तिचे चित्र मी कितीतरी वेळा पाहिले आहे. एक मुखवटा नीट करतो आहे, दुसरा तयार उभा आहे, तिसरा खांबाला टेकला आहे. तिघांच्या तीन मनःस्थिती, आणि तरीही टोळी एकच. तिची काटकोनी व्ह्यूफाइंडरची युक्ती मात्र मी वापरत नाही. तिच्या काळी रस्त्यावरचा कॅमेरा ही आजच्याइतकी सर्रास दिसणारी वस्तू नव्हती आणि छायाचित्र फार तर भिंतीवर किंवा मासिकात जाई. आज ते कुठे जाईल याचा नेम नाही, तेव्हा लपून घेण्याचा अधिकार मला उरलेला नाही असे मला वाटते.

लंडनच्या रॉजर मेनचा मार्ग मला अधिक पटतो. पश्चिम लंडनमधल्या साउथम स्ट्रीट या एकाच रस्त्यावर तो १९५६ ते १९६१ या काळात पुन्हा पुन्हा जात राहिला. दाटीवाटीची, मोडकळीला आलेली घरे आणि रस्ताभर मुले. तिथली मुले त्याला ओळखू लागली, आणि हे त्याच्या छायाचित्रांत दिसते. मुलगे, मुली चेंडूमागे झेपावतात आणि कॅमेऱ्याची दखलही घेत नाहीत. पुढे तो रस्ता बहुतांशी पाडला गेला. ज्या गल्लीत आपण रोज जातो ती उद्या नसेल, ही जाणीव पेठांत काम करताना माझ्याही मनातून जात नाही.

पुण्यातल्या मुलांच्या खेळाची जागा कशी कशी सरकत गेली, हे पाहण्यासारखे आहे. वाड्याला चौक होता, चौकाभोवती ओसऱ्या, दर्शनी बाजूला ओटा आणि बाहेर बोळ. लहान मुले चौकात, त्याहून मोठी ओट्यावर आणि बोळात, आणि अगदी मोठी नदीपात्राकडे किंवा मैदानात, अशी वयाप्रमाणे वाढत जाणारी खेळाची हद्द त्या रचनेतच होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे कोसळले आणि पुष्कळ कुटुंबे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. त्या वसाहतींतल्या मुलांना निदान घरापुढचे अंगण मिळाले. पेठांत जे वाडे उरले त्यांच्या जागी नंतर एकेक करून इमारती आल्या. तळमजला खांबांवर उभा आणि खाली पार्किंग. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना मोकळी जागा सोडावी लागते, पण पेठेतला वाड्याचा भूखंड एवढा मोठा कुठला असायला? चौक गेला तो गेलाच.

मुलांनी त्या पार्किंगलाच मैदान केले, यात मला मुलांचे कौतुक वाटते आणि मोठ्यांची लाज वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतले ३१वे कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करते, आणि १९९२ साली भारताने ती संहिता स्वीकारली आहे. सोमवार पेठेतल्या एका इमारतीच्या भिंतीवर ‘येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे’ असे लाल अक्षरांत लिहिले आहे आणि त्याच्या बरोबर खाली कोळशाने काढलेल्या तीन यष्ट्या आहेत. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे साधारण २० मीटर असते. इथे दोन खांबांमधल्या आठ-दहा पावलांत ती बसवावी लागते. म्हणून नियम बदलतात. जोरात टाकायचे नाही, एक टप्पा घेऊन एका हाताने झेलला तरी बाद, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर बाद आणि वर चेंडू आणायला ज्याने मारला त्यानेच जायचे. कसबा पेठेत मेट्रोच्या भुयारी स्थानकाचे काम चालले होते तेव्हा रस्त्याकडेला पत्र्यांचे उंच कुंपण असे, आणि त्या पत्र्यावर चेंडू आदळला की धाड असा आवाज होऊन चौकार जाहीर होई. २०२४च्या सप्टेंबरअखेरीस स्थानक सुरू झाले आणि पत्रे गेले. चौकाराची हद्द मुलांना नव्याने ठरवावी लागली. हे नियम छायाचित्रात कसे आणायचे हा माझ्यापुढचा खरा प्रश्न असतो. वर गॅलरीत चेंडू हातात धरून उभ्या असलेल्या काकू आणि खाली माना वर करून उभे असलेले दोन्ही संघ, हे एका चौकटीत घेतले की पुष्कळ साधते.

तंत्राचे थोडे सांगते. मी ३५ मिलिमीटरचे लेन्स वापरते, अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे लेन्सचे छिद्र, एफ-८ वर ठेवते आणि फोकस तीन मीटरवर कायम करून टाकते, म्हणजे साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. गल्लीतला खेळ एवढ्याच अंतरात चालतो. हल्लीचे कॅमेरे आपण होऊन सर्वांत जवळचा डोळा शोधतात आणि त्यावर स्थिरावतात. चेहऱ्याच्या छायाचित्राला ती सोय उत्तम आहे, पण लंगडीच्या डावात ती घातक ठरते, कारण पुढचा डोळा धारदार येतो आणि जिला धरायचे ती मागची मुलगी धूसर होते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके हवे, नाहीतर उडी मारलेला पाय पुसट होतो. आणि गुडघ्यावर बसायला हवे. उभ्याने काढलेल्या चित्रात मुले रस्त्याला चिकटलेली दिसतात. खाली बसले की मागचे मोठे लोक आणि वाहने त्यांच्या खऱ्या मापाची, म्हणजे अवाढव्य, दिसू लागतात.

उजेडाचे गणित पेठेत निराळे आहे. उत्तर-दक्षिण बोळांत ऊन दुपारी थोडा वेळ उतरते आणि निघून जाते, पूर्व-पश्चिम बोळांत ते संध्याकाळी पार टोकापर्यंत लांबलचक येते. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्याच दिवसांत शाळांना सुटी असते आणि उन्हाची पर्वा न करता गोट्यांचे डाव रंगतात, तेव्हा गल, म्हणजे गोट्यांचा जमिनीतला छोटा खड्डा, चाफ्याच्या कुंडीशेजारी असो की गटाराच्या झाकणाजवळ, उजेड सगळीकडे सारखाच कठोर असतो. मला तो आवडतो. त्यात गोडवा नसतो आणि नेम धरलेले बोट मात्र लख्ख दिसते.

परवानगीचा विषय मी तंत्राइतकाच महत्त्वाचा मानते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात राज्यभर मोबाइलवरून अशा अफवा फिरत होत्या. अनोळखी माणूस मुलांकडे रोखून पाहतो आहे याची भीती आईबापांच्या मनात असते, आणि ती रास्त आहे. त्यामुळे नव्या गल्लीत गेले की मी कॅमेरा पिशवीत ठेवून आधी ओट्यावरच्या माणसांशी बोलते. भवानी पेठेतल्या एका आजींनी मला निवडायची मेथी खाली ठेवून विचारले होते, “काय गं, कुणाची तू? पोरांचे फोटो कशाला हवेत तुला?” मी म्हटले, “आजी, पोरं काय काय खेळतात ते टिपून ठेवतेय.” त्यावर त्यांनी मला शेजारी बसवून घेतले आणि त्यांच्या लहानपणीचे सागरगोट्यांचे हात एकामागून एक करून दाखवले. सागरगोटे नव्हते, म्हणून चार खडे घेतले. त्यांची बोटे सांध्यांत वाकलेली होती, तरी वर उडालेला खडा एकदाही खाली पडला नाही. मुलांनी डाव थांबवून ते पाहिले, आणि त्या दिवसापासून त्या गल्लीत मला कुणी काही विचारत नाही.

फोटो निघाला की मी त्याची छापील प्रत घरी नेऊन देते. कुणाच्या आईने नको म्हटले तर तो मी वापरत नाही. शाळेचे नाव असलेला गणवेश दिसत असेल किंवा इमारतीची पाटी वाचता येत असेल, तर ते चित्र इंटरनेटवर टाकत नाही. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण कायदा नसता तरी मी हेच केले असते, कारण त्या मुलाचे वय वाढणार आहे आणि तो चेहरा त्याचा आहे.

सगळी चित्रे एकत्र मांडली की एक गोष्ट खुपते. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुली चौकटीत भरपूर आहेत. त्यानंतर त्या विरळ होतात, आणि मोठ्या मुलांच्या डावांत तर जवळजवळ नाहीतच. त्या ओट्यावर उभ्या असतात, बहुधा कडेवर लहान भावंड असते, आणि त्या डाव पाहतात. कुणाची फेरी चुकली, कुणी रेघ तुडवली, हे त्याच आधी ओरडून सांगतात. खेळ त्यांना सगळ्यांहून अधिक कळतो आणि खेळायला मात्र त्या नसतात. घरचे काम, धाकट्याला सांभाळणे, ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य, अशी कारणे मला त्यांच्याकडूनच कळली. गंज पेठेत एका मुलीने यातून वाट काढलेली मी पाहिली. जमिनीवर खडूने ठिकरीची घरे आखली होती. जिंकलेल्या घरात दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, असा नियम. तिने आपल्या जिंकलेल्या घरात धाकट्या भावाला बसवले, हातात बिस्कीट दिले आणि पुढचा डाव लंगडत पुरा केला. त्या घरात कुणी पाऊल टाकू शकत नव्हते, तेव्हा त्याला धक्का लागण्याचा संभव नव्हता. तिने स्वतः मात्र त्या घरात एक पाय टेकवून त्याचे नाक पुसले, आणि तो पाय मोजायचा की नाही यावर बाकीच्या मुलींचे भांडण झाले. मी ते भांडण छायाचित्रात घेतले आहे. चार हात उगारलेले, चार तोंडे उघडी आणि मधे बिस्किटात गढून गेलेले पोर.

अलीकडे मी प्रत्येक प्रतीच्या मागे खेळाचे नाव, पेठ, महिना आणि त्या दिवशीचे नियम लिहून ठेवते. मुलाचे नाव लिहीत नाही. हे नियम मी मुलांकडूनच वदवून घेते, आणि ती चुका काढतात म्हणून दोनदा वाचून दाखवते. कसब्यातल्या मुलांच्या मते डबा उडवणाऱ्याने लगेच पुन्हा लपायला पळायचे असते; गंज पेठेतली मुले म्हणतात की डबा परत वर्तुळात येईपर्यंत त्याला मोकळेच हिंडता येते, आणि कसब्यातल्या पोरांना हा खेळ येतच नाही. दोन्ही नियम मी ज्या त्या प्रतीच्या मागे लिहिले आहेत.